पाय कापायला पैसे आहेत, पाय वाचवायला का नाहीत?



मधुमेहाच्या पेशंटचा पाय कापला गेला की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते: "त्यानेच हयगय केली." डॉक्टर तेच म्हणतात, नातेवाईक तेच म्हणतात आणि शेवटी पेशंटसुद्धा मान खाली घालून तेच म्हणतो. ड्रेसिंगला वेळेवर आला नाही, गोड खाणे सोडले नाही, पायाला आराम दिला नाही. आरोपपत्र तयार, गुन्हा कबूल, आणि शिक्षा गुडघ्याखाली. या खटल्यात आरोपीच्या बाजूने उभे राहणारे कोणी नसते. या लेखात मी ती बाजू मांडणार आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. न भरणाऱ्या जखमेवर आज जगात चांगले उपचार आहेत. त्यातले सगळ्यात परिणामकारक उपचार सगळ्यात महागडे नाहीत. तरीही ते आपल्या वस्तीतल्या माणसापर्यंत पोहोचत नाहीत, कारण आपली आरोग्यव्यवस्था पाय वाचवण्यासाठी उभीच केलेली नाही. जखमेला हवा असतो आराम, नियमित पट्टी, योग्य चप्पल आणि वेळेवर रक्तपुरवठ्याची तपासणी. या चारही गोष्टी ज्याच्या हाती नाहीत, त्याला "निष्काळजी" म्हणणे हा सरळसरळ अन्याय आहे.

आकडा लक्षात घ्या. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधीतरी पायाला अशी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असते, असा वैद्यकीय साहित्यातला अंदाज आहे. म्हणजे हा चार-दोन घरांचा प्रश्न राहिलेला नाही. आणि मधुमेह हा शेठ-सावकारांचा आजार, हा समज तर कधीच मोडीत निघाला आहे. आपल्या कोणत्याही वस्तीतल्या दहा घरांत जाऊन विचारा, "शुगरची गोळी कोण घेते?"

जखम का भरत नाही?

निरोगी माणसाला जखम झाली की रक्त गोठते, सूज येते, आतून नवे लालसर मांस धरते आणि वर कातडी येते. काही आठवड्यांत काम फत्ते होते. मधुमेहात ही साखळी तीन ठिकाणी तुटते.

पहिली कडी संवेदनेची. वाढलेल्या साखरेमुळे पायाच्या नसा मरत जातात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग पाय बधिर होतो. चपलेत खडा असला तरी कळत नाही, खिळा घुसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालतो. प्रत्येक पावलाला तीच जागा चेंगरली जाते.

दुसरी कडी रक्ताची. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. रक्त पोहोचत नाही तिथे प्राणवायू पोहोचत नाही, औषधही पोहोचत नाही. मग वरून कितीही मलम लावा, आतला पाय उपाशीच असतो.

तिसरी कडी जंतूंची. साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात. साधा पू बघता बघता हाडापर्यंत उतरतो.

आता ही तीन कारणे घेऊन आपल्या माणसांच्या कामाच्या जागेवर चला. सफाई कामगाराच्या बुटात पाणी शिरते आणि पाय दिवसभर ओल्या बुटात भिजत राहतो. घरकाम करणाऱ्या बाईला मालकिणीच्या दारात चप्पल काढावी लागते आणि आत ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून भांडी घासावी लागतात. बिगारी कामगाराच्या पायाखाली खडी आणि खिळे असतात. हमालाच्या तळव्यावर स्वतःच्या वजनाबरोबर पोत्याचेही वजन असते. पाय बधिर झालेला असताना ही कामे करणे म्हणजे रोज नवी जखम ओढवून घेणे.

ही कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात बघायची गरज नाही. केंद्र सरकारच्या नमस्ते योजनेत २०२४ पर्यंत नोंदलेल्या सुमारे ३८ हजार गटार आणि सेप्टिक टँक कामगारांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींतले होते. ज्या समाजव्यवस्थेने शूद्राचा जन्म पायापासून झाला असे सांगितले, तिने घाणीत, काट्यात, उकिरड्यावर पाय घालायचे कामही जन्मावरूनच वाटले. मधुमेह जात बघत नाही, हे खरे. पण मधुमेही पायाखाली काय येणार, हे जातीने आधीच ठरवून ठेवले आहे.

अशा माणसाला डॉक्टर लिहून देतात: "पायावर भार देऊ नका, दोन-तीन महिने आराम करा." वैद्यकीयदृष्ट्या हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण रोजंदारीवरच्या माणसाला तो सल्ला म्हणजे तीन महिने चूल बंद ठेवण्याचा आदेश आहे. तो पाळता आला नाही, याला निष्काळजीपणा म्हणायचे की गरिबी?

बाईच्या बाबतीत तर आणखी उशीर. ती जखम लपवते. लुगड्याच्या चिंधीने बांधते, हळद भरते, वर मोजे चढवते आणि कामाला जाते. घरात वास यायला लागल्यावर सगळ्यांना कळते. तोवर अंगठा काळा पडलेला असतो.

आधुनिक उपचार: काय खरे, किती खरे?

आता उपचारांकडे येऊ. कारण इथे दुसरा धोका आहे. शहरातल्या खाजगी दवाखान्यांच्या पाट्यांवर "पाय कापण्याची गरज नाही" असे लिहिलेले असते आणि घाबरलेले कुटुंब मंगळसूत्र गहाण ठेवून तिथे पोहोचते. म्हणून कोणता उपचार नेमके काय करतो, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असलेच पाहिजे.

व्हॅक्यूम ड्रेसिंग, ज्याला दवाखान्यात "व्हॅक" म्हणतात, ते असे असते: जखमेत स्पंज बसवतात, वरून प्लास्टिकची फिल्म चिकटवून हवाबंद करतात आणि नळीने सतत ओढ देतात. जखमेतला स्राव निघून जातो, सूज उतरते, नवे मांस धरायला मदत होते. मोठ्या, खोल, ऑपरेशननंतरच्या जखमेवर याचा उपयोग होतो. २००५ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पायाचा काही भाग काढावा लागलेल्या १६२ मधुमेही रुग्णांपैकी व्हॅक लावलेल्यांत ५६ टक्क्यांच्या जखमा भरल्या, साध्या ड्रेसिंगवर असलेल्यांत ३९ टक्क्यांच्या. फायदा आहे. पण शंभर टक्के नाही, आणि प्रत्येक लहान जखमेला तो लागतही नाही.

चांदीचे, कोलॅजनचे, जेलचे, फोमचे ड्रेसिंग. यांच्यामागे एक खरे शास्त्र आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवले की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडी ठेवून वाळवलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने कातडी धरते. "जखम उघडी ठेव, हवा लागू दे, खपली धरू दे" हा आपल्याकडचा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. पण ओलसरपणा राखायला दर वेळी महागडे पाकीटच लागते, असेही नाही. मधुमेही पायावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत चांदी किंवा तत्सम जंतुनाशक ड्रेसिंग केवळ जखम भरण्यासाठी वापरू नका, असेच सांगितले आहे. सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या ड्रेसिंगला मात्र त्यांनी ठरावीक जखमांसाठी जागा दिली. त्यावरच्या चाचणीत २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा बंद झाल्या, साध्या ड्रेसिंगने ३० टक्के.

जास्त दाबाच्या बंद टाकीत बसवून प्राणवायू देणे, म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन. याबद्दल चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. रक्तपुरवठा कमी असलेल्या काही जखमांमध्ये, बाकी सगळे करून झाल्यावर, सोय असेल तर विचार करावा, इतकीच त्याची जागा. वाढीचे घटक असलेली जेल, रक्तातल्या प्लेटलेटचे इंजेक्शन, प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी हे उपचारही याच प्रकारातले. कुठे उपयोगी, कुठे वाया.

हे सगळे जोड-उपचार आहेत. त्यांच्या आधी चार कामे व्हावी लागतात: मेलेले मांस आणि घट्टा धारदार हत्याराने साफ करणे, पायाला रक्त पोहोचते का हे तपासून अडथळा असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करणे, जंतुसंसर्ग आणि साखर आटोक्यात आणणे, आणि जखमेवरचा भार काढणे. ही चार कामे न करता वरून महागडे ड्रेसिंग लावणे म्हणजे गळक्या छपराखाली भिंती रंगवणे. आणि नेमके हेच आपल्या लोकांच्या बाबतीत घडते. एका कुटुंबाने कर्ज काढून महिनाभर भारी ड्रेसिंग लावून घेतलेले मी पाहिले आहे. त्या महिनाभरात एकाही डॉक्टरने पेशंटच्या पायाची नाडी बोटांनी चाचपून पाहिली नव्हती.

म्हणून "पुढारलेला उपचार" कशाला म्हणायचे हे आपण ठरवायला हवे. जो नेमक्या कारणावर काम करतो तो पुढारलेला. ज्याचे बिल मोठे तो पुढारलेला, ही बाजाराची व्याख्या आहे. ती आपण का स्वीकारायची?

जगाने आपल्याकडून नेलेला उपचार

तळव्यावरच्या जखमेचा भार काढण्याचा सगळ्यात प्रभावी मार्ग आहे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. पायाच्या प्रत्येक वळणाला चिकटून बसणारे, गुडघ्याखालपर्यंतचे प्लास्टर. त्यामुळे वजन एका जागी न पडता सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटले जाते. माणूस हिंडू-फिरू शकतो आणि जखमेला आराम मिळतो. साधारण एक-दोन आठवड्यांनी ते बदलायचे असते. २००१ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत हे प्लास्टर घातलेल्यांपैकी ८९.५ टक्के लोकांच्या जखमा १२ आठवड्यांत भरल्या. काढता-घालता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के, अर्ध्या तळाच्या चपलेने ५८ टक्के. वर सांगितलेल्या महागड्या ड्रेसिंगचे आकडे याच्या शेजारी ठेवून बघा. जखमा आणि रुग्ण वेगवेगळे असल्याने ही तुलना काटेकोर नाही, पण दिशा दाखवायला पुरेशी आहे.

आणि हे प्लास्टर आले कुठून? कुष्ठरोग्यांच्या पायांवरून. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने "सडून" गळत नाहीत, संवेदना गेल्यामुळे होणाऱ्या इजांनी झिजतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दाखवून दिले. भार काढला, पायाला योग्य चप्पल दिली की कुष्ठरोग्याची जखमसुद्धा इतरांसारखीच भरते. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेच प्लास्टरचे तंत्र मधुमेही पायांवर वापरले जाऊ लागले. आज जगभर तो मधुमेही पायाचा आदर्श उपचार मानला जातो.

विचार करा. ज्यांना गावाबाहेर काढले, ज्यांच्या सावलीलाही लोक घाबरले, त्यांच्या पायांनी जगाला हे ज्ञान दिले. ते सातासमुद्रापार गेले. आणि आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये, जिथे हाडमोडीसाठी रोज प्लास्टर कालवले जाते, तिथे जाऊन विचारा, "मधुमेहाच्या जखमेसाठी टोटल कॉन्टॅक्ट कास्ट घालून मिळेल का?" उत्तर काय मिळते ते मला कळवा. मी विचारले तिथे मला "ते काय असते?" असा उलट प्रश्न आला. सामान आहे, पेशंट आहे, प्लास्टर घालणारे हातही आहेत. प्रशिक्षण नाही, आणि ते द्यावे असा आदेश नाही. प्रशिक्षण मात्र हवेच, कारण चुकीचे बसवलेले प्लास्टर नवी जखम करते. ज्या पायात पू पसरला आहे किंवा रक्तच पोहोचत नाही, तिथे ते सरसकट घालायचे नसते.

"निष्काळजीपणा"च्या आरोपाला माझे सगळ्यात मोठे उत्तरही याच संशोधनात आहे. काढता येणारा बूट लोक खरेच किती वेळ घालतात, हे २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कमरेला आणि बुटात मोजयंत्र लावून तपासले. पेशंटनी दिवसभरात जेवढी पावले टाकली, त्यांतली फक्त २८ टक्के बूट घालून टाकली होती. हे शिकलेल्या, सोयीच्या देशातले लोक. दुखत नसलेल्या पायाची काळजी घेणे माणसाच्या स्वभावालाच जड जाते, असा त्याचा अर्थ. तिथल्या डॉक्टरांनी त्यावरून काय शोधले? पेशंटला काढता येणार नाही असा बूट. त्याच काढत्या बुटावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो पक्का करायचा, इतकी साधी युक्ती. तिथे उपचार बदलला. आपल्याकडे पेशंटला झापले जाते.

पैसा कुठे आहे?

"सरकारकडे पैसा नाही" हे उत्तर आता चालणार नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. आयुष्मान भारतमध्येही तेवढेच. पण या योजनांचा पाया रुग्णालयात भरती होण्यावर आहे. भरती व्हा, ऑपरेशन करून घ्या, पॅकेज मंजूर होते. पाय कापण्याची शस्त्रक्रिया या चौकटीत बसते. बाह्यरुग्ण विभागात दर आठवड्याला घट्टा साफ करून घेणे, प्लास्टर बदलणे, मऊ तळाची चप्पल घेणे, तीन महिने येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी हे बसत नाही.

म्हणजे हिशेब असा झाला: जखम लहान आहे तोवर खर्च पेशंटचा. पाय कापायच्या लायकीचा झाला की खर्च सरकारचा. पाय गेला की अपंगत्वाचा दाखला. मोठे अ‍ॅम्प्युटेशन झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मधुमेही पाच वर्षांत दगावतात, असे परदेशातले अभ्यास सांगतात. या योजनेला फुल्यांचे नाव आहे. त्या नावाला शोभेल अशी ती करायची असेल, तर पाय वाचवण्याचे पॅकेज तिच्यात आलेच पाहिजे.

मजुरीचा प्रश्नही असाच. आजारपणातल्या पगाराची कल्पना काही स्वप्नातली नाही. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ९१ दिवस म्हणजे १३ आठवडे. वरच्या चाचणीत प्लास्टरने बहुतेक जखमा भरल्या त्या १२ आठवड्यांत! औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची ही आखणी करणारे प्रा. अडारकर यांचे काम झाले १९४३-४४ मध्ये, आणि तेव्हा व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. तो हक्क आज ठेकेदाराच्या वहीत अडकून पडला आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराची, त्याच्या आस्थापनेला कायदा लागू असेल तर, नोंदणी व्हायलाच हवी. आपल्या भागातल्या कंत्राटी सफाई कामगारांपैकी किती जणांकडे ईएसआयचे कार्ड आहे, हे एकदा मोजा. मोलकरीण, नाका कामगार, हमाल यांच्यासाठी तर तेवढाही आधार नाही. त्यांच्या आजारपणातल्या भत्त्याची मागणी आपणच उभी करायची आहे.

"हा चळवळीचा विषय नाही"

काही मित्र म्हणतील, अत्याचाराची प्रकरणे पडली आहेत, आरक्षणावर घाला येतो आहे, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि ही बाई पायाच्या जखमांवर लिहीत बसली! जखमा डॉक्टरांनी बघाव्यात.

त्यांना माझा प्रश्न आहे. घरातल्या कमावत्या माणसाचा पाय गेला की त्या घरातल्या मुलीच्या शिक्षणाचे काय होते? कर्ज कोणाकडून काढले जाते? मोर्चाला येणारा तो माणूस पुन्हा मोर्चाला येतो का? एक पाय जातो तेव्हा एका कुटुंबाची एक पिढी मागे जाते. याला सामाजिक प्रश्न म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

आणि ज्यांना हा विषय "आपला" वाटत नाही, त्यांनी आठवावे की बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी ते हैराण होते, इन्सुलिन घेत होते. त्या अवस्थेत त्यांनी लिखाण केले, धम्मदीक्षा दिली. आपण त्यांच्या पुतळ्याच्या चरणांवर फुले वाहतो. त्याच आजाराने आपल्या शेजाऱ्याच्या पायाचे काय होते आहे, हे खाली वाकून बघायला आपल्याला वेळ नाही.

दुसऱ्या बाजूला अंगारे, धुपारे, मंतरलेला दोरा, "कोणीतरी करणी केली" हे अजून संपलेले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतसुद्धा जखमेवर राख भरलेली मी पाहिली आहे. मागच्या जन्माचे भोग म्हणून जखम स्वीकारणे आणि निष्काळजीपणाची शिक्षा म्हणून ती स्वीकारणे, या दोन्हींत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे दोष पेशंटचा आणि व्यवस्था निर्दोष.

बुद्धांनी या बाबतीत काय केले ते विनयपिटकात आहे. सोण कोळिविसाची गोष्ट आपण विहारात ऐकतो ती वीणेच्या तारांची: फार ताणू नये, फार ढिली सोडू नये. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. श्रीमंताघरी वाढलेल्या सोणाचे पाय नाजूक होते. चंक्रमण करताना तळवे फाटून वाट रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला सहनशक्ती वाढव असे सांगितले नाही. त्याला एका तळाच्या चपला वापरायची परवानगी दिली. त्यावर सोण म्हणाला की एकट्याला सवलत नको, सगळ्या संघाला मिळणार असेल तरच मी घेईन. आणि बुद्धांनी ती सगळ्या भिक्खूंना दिली. जखमी पायाला उपदेश देऊन भागत नाही, चप्पल द्यावी लागते, आणि ती सगळ्यांना द्यावी लागते. आपली मागणी याहून वेगळी काय आहे?

मग करायचे काय?

१४ एप्रिलला आपण आरोग्य शिबिरे घेतो. रक्तदान होते, शुगर तपासतो, बीपी तपासतो, चष्मे वाटतो. यंदापासून त्यात एक टेबल वाढवा: पायतपासणीचे. त्याला यंत्र लागत नाही. पेशंटला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकाच स्पर्श करा. दाबायचे नाही, टिचकी मारायची नाही. स्पर्श कळला की त्याने सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर त्या पायाची संवेदना गेली आहे असे समजून त्याला डॉक्टरांकडे पाठवा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. मग बोटांच्या बेचक्यांत बघा, टाचेच्या भेगा बघा, चपलेत हात घालून खिळा-खडा बघा. ज्यांच्या स्पर्शाचा या देशाने विटाळ मानला, त्यांच्या मुलांनी बोटाच्या एका स्पर्शाने पाय वाचवावेत.

जखम आधीच असेल तर दर आठवड्याला शेजारी पट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढा. चांगला उपचार चालू असूनही चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही, तर ती आपोआप भरण्याची शक्यता कमी असते. तेव्हा तेच मलम पुढे चालू न ठेवता वरच्या दवाखान्यात जायचे आणि रक्तपुरवठा तपासला का, भार काढला का, हाडात संसर्ग आहे का, हे तीन प्रश्न विचारायचे. काळेपणा, पू, घाण वास, ताप, वर चढणारी लाली किंवा थंडगार पाय यांपैकी काही दिसले तर चार आठवडे नव्हे, चार तासही थांबायचे नाही.

शिबिराने भागणार नाही. आपल्या मागण्या लेखी, आमदारांपासून जिल्हा शल्यचिकित्सकांपर्यंत गेल्या पाहिजेत:

१. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मधुमेही पायाचा बाह्यरुग्ण विभाग आणि टोटल कॉन्टॅक्ट कास्ट घालणारे प्रशिक्षित कर्मचारी.

२. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर पायांसाठी एमसीआर रबराची चप्पल दिली जाते. तीच चप्पल, त्याच हक्काने, बधिर पायाच्या प्रत्येक मधुमेही रुग्णाला.

३. जनआरोग्य योजनेत पाय वाचवण्याचे बाह्यरुग्ण पॅकेज: साफसफाई, प्लास्टर, पट्टी, प्रवासभाडे. आणि पाय कापण्याआधी रक्तपुरवठ्याची तपासणी सक्तीची.

४. प्रत्येक कंत्राटी सफाई कामगाराची ईएसआय नोंदणी, कोरडे राहतील असे बूट, आणि असंघटित कामगारांना जखम भरेपर्यंत भत्ता.

५. जिल्ह्यात दरवर्षी किती मधुमेहींचे पाय कापले गेले, याची जाहीर नोंद.

पाचवी मागणी किरकोळ वाटेल. पण जे मोजले जात नाही त्याचा जाब विचारता येत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आजच टाका: आपल्या जिल्हा रुग्णालयात गेल्या तीन वर्षांत किती पाय कापले आणि किती टोटल कॉन्टॅक्ट कास्ट घातले? दोन आकडे, एक अर्ज, १० रुपयांचे तिकीट. दुसरा आकडा शून्य आला, तर निष्काळजी कोण हे त्या कागदावर सरकारी सही-शिक्क्यानिशी लिहिलेले असेल. तो कागद घेऊन पुढच्या मोर्चाला या.

जय भीम! जय संविधान!